अंदाजे

भरती आज दोन वाजून सतरा मिनिटांनी.
मी एक वाजताच खुर्ची टाकते.
तिचा एक पाय आखूड, खाली चपटा दगड लागतो.
तो दगड कुणी उचलून नेत नाही,
आमचं गाव तसं बरं आहे.

सकाळी मैलभर तांबडा चिखल उघडा होता.
आता उपसागराचं पाणी येतंय, घाई न करता,
घरचं माणूस मागच्या दारानं यावं तसं.
तुतवार मागे सरतात, आणखी मागे,
शेवटी गोट्यांची एक पट्टी उरते
चर्चच्या अंगणाएवढी,
तिच्यावर सगळे.
एखाद्या गोट्यानं मान वळवली
की कळतं.

मोजता कसं, लोक विचारतात.
मी तेवीस वर्षं सार्डिनच्या कारखान्यात होते.
ट्रे समोर आला की किती डबे ते आधी हात सांगायचा,
डोकं नंतर.
इथेही तेच. एका उशीएवढ्या जागेत शंभर धरायचे,
मग उश्या मोजायच्या.
मंगळवारी लिहिले चाळीस हजार.
पुढे: अंदाजे.

बुधवारी विद्यापीठातला तो कॉर्मिएंचा पोरगा आला.
त्यानं आदल्या दिवशीच फोटो काढले होते,
रात्रभर बसून एकेका पक्ष्याला लाल ठिपका दिला.
अडतीस हजार एकशे बारा.
म्हणाला, ओझीतबाई, तुमचं फारसं चुकलं नाही.
मी म्हटलं, त्या काळ्या खडकामागे बघितलंस?
तो गप्प झाला.
मग मी त्याला ब्लूबेरीचा केक दिला.

येतात तेव्हा पावणेदोन तोळ्यांचे,
जातात साडेतीनचे.
मधे जेमतेम वीस दिवस, दिवसाला दोन ओहोट्या
आणि चिखलातली ती कणीएवढी कोळंबी.
पुढे तीन दिवस, तीन रात्री खाली नुसता समुद्र.
साठवलेलं पुरलं तर दक्षिण अमेरिका.
नाही पुरलं त्यांची नोंद
कुणाच्याच वहीत नाही.

म्हणून शनिवारी भाड्याच्या घरातला कुत्रा सुटला
तेव्हा मी ज्या शब्दांत ओरडले
ते माझ्या वयाला शोभणारे नव्हते.
अख्खा किनारा उठला.
एका वळणाला तपकिरी, पुढच्याला पांढरा,
कुणी पत्र उघडून लगेच मिटावं तसा.
मालक म्हणाला, काय सुंदर!
मी म्हटलं, या सुंदरला किती चरबी जळली, ठाऊक आहे?
नंतर वाईट वाटलं. कुत्रं पोरच होतं.
बहिरी ससाणा हेच करतो, दिवसातून तीनदा,
त्याला मी काही बोलत नाही.
त्याची ती भाकरी आहे.

अठ्ठावीस ऑगस्ट. वारा वायव्येचा झाला,
पहिल्यांदा स्वेटर काढला.
थोरले केव्हाच गेले. आता आहेत ती या वर्षीची पोरं,
पंखांना फिकट किनार,
नव्या कपड्याची घडी मोडली नसावी तशी.
आईबाप पुढे निघून गेलेत.
थांबले नाहीत, वाटही सांगितली नाही.

माझी झेली आल्बर्टाला नोकरीला निघाली
तेव्हा मी तिला सहा पानं लिहून दिली होती,
पेट्रोल कुठे स्वस्त, कुठे मुक्काम करायचा नाही.
ती पानं अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहेत.
विसरून गेली.
पोचली.

संध्याकाळी एक थवा उठला तो खाली आलाच नाही.
वर, सुपातून उडालेल्या कोंड्याएवढा,
मग तेवढाही नाही.
उश्या मोजायला सवडच मिळाली नाही.
खुर्ची मिटता मिटता मी किनारा पुन्हा एकदा बघितला,
एखाद्या गोट्याला चोच आहे का.

होती एकाला. उजवा पाय पोटाशी धरलेला,
झोपेत की दुखतोय म्हणून, दुर्बिणीतूनही कळेना.

वहीत लिहिलं: एक.
सवयीनं पुढे अंदाजे लिहून गेले,
ते खोडलं.
उद्या भरती पहाटेची आहे,
गजर लावायला हवा.